तिसरा पर्याय

खेळांच्या दुकानातल्या मुलीनं विचारलं, “कसे आहेत ते?” आणि तिला उत्तर देता आलं नाही. प्रश्न साधा होता. नवऱ्यासाठी व्हिडिओ गेम हवा आहे, त्यांनी आजवर एकही खेळलेला नाही, एवढं ती सांगून चुकली होती, आणि त्या निळ्या नखांच्या मुलीला पुढची चौकशी करायची होती, बस्स. पण ती काउंटरच्या काचेवर दोन्ही हात ठेवून नुसती उभी राहिली. काचेखाली रंगीत खोकी मांडली होती; तलवारी, डोळे, आगी. तिच्या मागे रांगेत कुणीतरी पाय बदलला. सत्तावीस वर्षं ज्या माणसाच्या शेजारी झोपतो तो कसा आहे, हे सांगायला एक शब्द सापडू नये याचं तिला वाईट वाटायला हवं होतं. तिनं वाट पाहिली. वाईट वाटलं नाही. दातांच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर आपलाच गाल बोटाला दुसऱ्याचा लागतो, तसं ते तिला लागलं. “बोलके होते,” ती शेवटी म्हणाली. मग, “आहेत. म्हणजे, आता बोलता येत नाही.”

मुलीनं चेहरा पाडला नाही, याबद्दल ती तिची उपकृत झाली. मुलगी म्हणाली, “वाचता येतं?” येत होतं. सावकाश, छोटी वाक्यं. स्पीच थेरपिस्टनंच हे खूळ डोक्यात भरवलं होतं. शब्द आत शाबूत आहेत, बाहेर यायचा रस्ता तेवढा उखडलाय, असं ती बाई दर भेटीला सांगायची. तीच म्हणाली होती, “ज्यात बोलणी असतात असा एखादा खेळ आणून बघा. आपण एक माणूस व्हायचं, भटकायचं, लोक भेटतात, ते काही विचारतात, आणि उत्तरं खाली लिहिलेली असतात. निवडायची फक्त. त्यांना वाक्यं मिळतील.” वाक्यं मिळतील, हे ऐकून तिला काहीतरी झालं होतं. आनंद नव्हता तो. पुढे काय असेल ते तिनं उकरून पाहिलं नव्हतं.

“दोन्ही हात चालतात?” मुलीनं विचारलं. “उजवा नाही चालत.” “मग असं करा, पाळीपाळीनं चालणारा घ्या. काही खेळांत सगळं धावत असतं, तुम्ही विचार करत बसलात की मार खाल्लाच. यात समोरचा आपला वार करून गप उभा राहतो. तुम्ही मधे चहा करून आलात तरी हरकत नाही.” तिनं एक मोठं खोकं काढलं आणि परत ठेवलं. “हे सगळे मागतात. जग एवढं मोठं आहे की पहिल्या गावातच जीव दमतो. हे लहान घ्या. अक्षर मोठं करता येतं, अवघडपणा सर्वात खाली ठेवायचा, त्यात लाज नाही. आणि सुरुवातीला माणूस निवडायला सांगतील, योद्धा, जादूगार, काय काय. तिथे डोकं खात बसू नका हं, मावशी. पहिल्यांदा कुणीच बरोबर निवडत नाही.”

स्वतःच्या नोकरीत, चष्म्याच्या दुकानात, ती दिवसभर उलटं ऐकत असे. ही फ्रेम बरी दिसते की ती? बरोबर सांगा हं, दोन वर्षं वापरायचीय. ती मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायची, आणि गर्दी झाली की पुढे येऊन लोकांच्या नाकावर चष्मे चढवायची. इतक्या जवळून इतके चेहरे रोज पाहायचे आणि त्यातला एकही घरी न्यायचा नाही, हे तिला जमलं होतं. घरी वेगळं होतं. नवरा घरांचा दलाल होता, जिभेवर साखर घेऊन जन्मलेला. अंधाऱ्या खोलीला तो शांत म्हणायचा, रस्त्यावरच्या गोंगाटाला सोयीचं ठिकाण. लोक हसत हसत सही करायचे. संध्याकाळी तो आला की त्याचा आवाज आधी यायचा, जिन्यातूनच, फोनवर, मग शेजाऱ्याशी, मग दारात तिच्याशी. तो वाईट बोलायचा नाही. कधीच नाही. ती “आज दुकानात” म्हणाली की तो म्हणायचा, “गर्दी होती, माहितीये, दमलीस तू, बस.” गर्दी नव्हती. एक आंधळा होत चाललेला माणूस आला होता आणि त्यानं पूर्ण काळ्या काचांचा चष्मा मागितला होता, कारण त्याला तोंडासमोर कुणाची कीव बघायची नव्हती, आणि तिला ते कुणाला तरी सांगायचं होतं. पण तोवर नवरा स्वयंपाकघरात पोचून पुढचं काही सांगत असायचा. त्याच्याबद्दल तक्रार करायची तर कुणापाशी, आणि काय म्हणून? माझा नवरा माझ्याशी फार प्रेमानं बोलतो?

मागच्या वर्षी तिनं एक खोली पाहून ठेवली होती. शिंप्याच्या दुकानावर, एकच खिडकी, खालून मशीनचा आवाज. मालकिणीनं विचारलं, “एकट्याच?” ती म्हणाली, “एकटीच.” ते दोन शब्द कुणीही मधे न तोडता पूर्ण झाले होते. त्याला सांगायचं ठरलं, त्याच आठवड्यात तो कार्यालयात एका जोडप्याला घराचा नकाशा दाखवताना खुर्चीतून घसरला. दवाखान्यात त्यानं डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि म्हणाला, “झालं.” एवढाच शब्द उरला होता. भूक लागली, झालं. उशी नको, झालं. बहिणीला पाहून डोळे भरून आले तरी, झालं, झालं. तिनं मालकिणीला फोन करून नाही म्हणून सांगितलं. मग घरी आली, घरात शांतता होती, आणि ती त्या शांततेत दिवे न लावता बसली. आपल्याला दुःख झालंय की सुटल्यासारखं वाटतंय, हे तपासायचं तिनं पुढे ढकललं. ते ढकललेलंच राहिलं. त्याला भरवणं, पुसणं, चालवणं, व्यायाम, गोळ्या; हात सगळं करत होते आणि ती जरा मागे उभी राहून हातांकडे पाहत होती.

खेळ सुरू झाला तेव्हा पडद्यावर एक रिकामी वाट आली आणि अक्षरं उमटली: तू कोण आहेस? ती सोफ्यावर त्याच्या डाव्या बाजूला बसली. कंट्रोलर दोघांच्या मांड्यांच्या मधे. पडद्यावर एकेक जण पुढे येऊन उभा राहू लागला. चिलखत घातलेला योद्धा. पांढऱ्या दाढीचा जादूगार. बारीक अंगाचा, हसरा चोर, गोडबोल्या, ज्याच्या खाली लिहिलं होतं की हा बोलून कुठलंही दार उघडवतो. तिला वाटलं, हाच. नवऱ्याचा अंगठा चोरावर थांबला, बराच वेळ, आणि पुढे गेला. शेवटी एक म्हातारी आली. पाठीवर झोळी, हातात काठी. झाडपाल्याचं औषध देणारी. ताकद कमी, वेग कमी. त्यानं बटण दाबलं.

“अहो, ही मार खाईल,” ती म्हणाली.

“झालं,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज असा होता की निवड झाली, आता वाद नको.

नाव विचारलं तेव्हा त्याला अक्षरं जुळवता येईनात. तिनं विचारलं, “मी घालू?” त्यानं नको अशी मान हलवली. खेळानं एक आयतं नाव पुढे केलं होतं, तेच राहू दिलं. पण घरात त्या नावानं त्या म्हातारीला कुणी हाक मारली नाही. ती म्हणायची, आपली बाई.

एका हातानं खेळातलं चालणं आणि बोलणं दोन्ही त्याला जमत नव्हतं, म्हणून वाटणी आपोआप झाली. आपल्या बाईला चालवायचं तिनं. कुणी भेटलं की कंट्रोलर त्याच्याकडे, उत्तर त्यानं निवडायचं. पहिल्या काही संध्याकाळी ती सतत भिंतीवर आपटत होती. आपली बाई विहिरीभोवती गोल गोल फिरायची, कुंपणात तोंड घालून चालत राहायची, आणि तो खांदे हलवत हसायचा, अर्ध्या तोंडानं. गावाबाहेर एका कोल्ह्यानं आपल्या बाईला मारलं. पुन्हा मारलं. मग तिला कळलं की झोळीत औषध असतं आणि ते लढाईच्या मधेही घेता येतं, फक्त आपली पाळी यावी लागते. दुकानात काच घासताना तिच्या मनात यायचं, ओढ्याच्या पलीकडे गेलोच नाही आपण. मग पुन्हा काच, पाणी, चाकाचा आवाज. आजवर गाडी नेहमी तो चालवायचा. ती शेजारी बसून रस्ता बघायची. आता कुठे वळायचं ते तिचा अंगठा ठरवत होता, आणि तो बघत होता. यातही तिला काही वाटलं असं नाही. पण ती ओढ्याच्या पलीकडे गेली.

त्यानं काय निवडलंय याकडे तिचं लक्ष उशिरा गेलं. लोक भेटत होते, बोलत होते, आणि गोष्ट पुढे जात होती, म्हणून तिनं उत्तरं नीट वाचलीच नव्हती. एका संध्याकाळी नदीवर एक नावाडीण भेटली. तिचा नवरा डोंगरात गेला होता, परत आला नव्हता, आणि ती पैलतीरी नेण्याआधी सगळ्यांना ते सांगायची. खाली तीन पर्याय आले. मी त्याला शोधून आणते. तो आता येणार नाही, हे मान्य कर. तिसरा: काही न बोलता ऐकत राहा. त्यानं तिसऱ्यावर अंगठा ठेवला. नावाडीण आणखी बोलली. त्याचे जोडे अजून दारात आहेत म्हणाली. पुन्हा तीन पर्याय, आणि पुन्हा तिसरा. तेव्हा तिला मागचं आठवू लागलं. गिरणीवाला, ज्याचं पीठ चोरीला गेलं होतं. कुत्रं हरवलेली मुलगी. गुत्त्यातला दारुडा. प्रत्येकाच्या खाली कुठेतरी ते वाक्य होतं, आणि त्यानं प्रत्येक वेळी तेच घेतलं होतं. लोक त्यामुळे जास्त बोलत होते. एकेकाची कहाणी संपता संपत नव्हती आणि आपली बाई काठीवर हनुवटी टेकून उभी होती.

“इतकी वाक्यं दिलीत तुम्हाला,” ती म्हणाली. “एवढ्यासाठीच आणला ना खेळ? बोला की. मी शोधते म्हणा. नाही म्हणा. काहीही म्हणा.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, आणि तिसरा पर्याय निवडला. नावाडीण म्हणाली, कधी कधी मला वाटतं की तो न आलेलाच बरा.

“हिचं ऐकताय!” स्वतःचाच आवाज तिला ओळखू आला नाही, जाड आणि खालून आलेला. “ही, जी नाहीच मुळी, हिचं सगळं ऐकून घेताय. माझं एक वाक्य, एक, कधी टोकापर्यंत जाऊ दिलंत? ‘आज दुकानात’च्या पुढे मी कधी गेले या घरात? मला काय म्हणायचंय ते तुम्हाला माझ्या आधी माहीत असायचं. आणि ते चूक असायचं, अहो. दर वेळी चूक असायचं.” पडद्यावर नदीचा आवाज चालू होता. मधे पडणारं कुणी नव्हतं, म्हणून वाक्य थांबेना. जिन्यावरून उतरताना पाय नुसते पुढे पुढे जातात तसं ते गेलं. “मी जाणार होते. तुम्ही पडलात त्याच्या आधी. खोली बघून ठेवली होती.”

त्यानं बटण दाबलं. नदी थांबली; पाण्यावरचा उजेड होता तिथे गोठला. मग त्यानं कंट्रोलर बाजूला ठेवला आणि अंग वळवायला सुरुवात केली. त्याला वळायला वेळ लागायचा. आधी खांदा, मग उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर, मग गुडघे. तो पूर्ण तिच्याकडे वळेपर्यंत ती त्याच्या कानामागची कातडी बघत राहिली. त्याचे ओठ गोळा झाले. थेरपिस्टसमोर तो असाच बसायचा, कपाळावरची शीर फुगवून.

“सां,” तो म्हणाला. तोंड पुसलं. “सांग.”

तिनं सांगितलं. नीट जमलं नाही. मधे मधे ती थांबायची, तोच आता पूर्ण करेल अशा सवयीनं, आणि तो करायचा नाही. मग उरलेलं वाक्य तिला स्वतःच उचलून न्यावं लागायचं. शिंप्याचं मशीन. खिडकी. मालकिणीला दिलेलं उत्तर. तुम्ही वाईट वागला नाहीत हे मला माहीत आहे, ती म्हणाली, पण तुमच्या आवाजाच्या खाली मला माझं डोकं ऐकू यायचं नाही. तुम्ही पडलात तेव्हा मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. मला काहीच येत नाही, अहो. मी तुम्हाला अंघोळ घालते तेव्हा चष्म्याची काच पुसतेय असं वाटतं. हे ती बोलली, आणि ते बोलून झाल्यावरही छत कोसळलं नाही. तो ऐकत होता. त्याला राग आलाय की लागलंय हे त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावरून कळणं कठीण होतं. चालता अर्धा आणि न चालता अर्धा वेगवेगळं काहीतरी म्हणत होते. ती गप्प झाल्यावर त्यानं डावा हात उचलून दाराकडे केला आणि भुवया वर नेल्या. जायचंय का अजून?

“आता कशी जाऊ?” ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. तो नकार नव्हता. उत्तर प्रश्नाला लागू होत नाही, एवढंच सांगणारी मान होती ती. हात तसाच दाराकडे राहिला. ती म्हणाली, “हो.” मग तिनं उठून त्याच्या रात्रीच्या जेवणाचं सूप गरम केलं, आणि त्यानं ते डाव्या हातानं सांडत सांडत स्वतःच खाल्लं.

नणंदेला सांगणं तिला जास्त जड गेलं. नणंद थोरली, एकटी राहणारी, पन्नाशीच्या भावाला अजून छोटू म्हणणारी. ती ऐकून बराच वेळ टेबलावरचे पावाचे कण बोटानं गोळा करत बसली. “लोक काय म्हणतील ते सोड,” ती म्हणाली, “मी काय म्हणू ते सांग.”

“मला माहीत नाही, ताई.”

“छोटूला विचारलंस?”

“त्यांनीच दार दाखवलं.”

नणंद आत गेली. आतून तिचा आवाज आला, चढलेला, मग उतरलेला, आणि मधे मधे त्याचं झालं, झालं. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. “मला तिकडे भिंतींशी बोलायचा कंटाळाच आलाय,” ती म्हणाली. “हा निदान झालं तरी म्हणेल. मी येते इथे. तुला माफ केलंय असं समजू नकोस हं. ते मी सावकाश ठरवीन.” आणि तिनं कण कचऱ्यात टाकले.

शिंप्याच्या दुकानावरची खोली गेली होती. तिला दुसरी मिळाली, दोन गल्ल्या सोडून, खिडकी भिंतीकडे उघडणारी. हलली त्या दिवशी तिला वाटलं, आता येईल. रडू, मोकळेपणा, काहीतरी. तिनं पलंग खिडकीजवळ सरकवला, मग परत होता तिथे नेला. सकाळी स्वतःच्या जागी स्वतःच उठली, चहा केला, घोट घोट प्याली. शांतता छान होती. पण ती शांतता काचेच्या पलीकडे ठेवल्यासारखी होती, नंबर चुकलेल्या काचेच्या. संध्याकाळी दुकान बंद झालं की ती जुन्या घरी जायची. आधी वाटलं होतं, काही दिवस जाऊ. नणंद दार उघडायची, काही न बोलता आत जायची, आणि ती सोफ्यावर डाव्या बाजूला बसायची. तिनं चालायचं, त्यानं निवडायचं. त्यांनी नदी ओलांडली. कोळशाची खाण असलेलं एक गाव लागलं, तिथे आपल्या बाईनं खोकणाऱ्या कामगारांना औषध दिलं. दुकानात कोण आलं होतं ते ती खेळता खेळता सांगायची. त्या काळ्या काचांच्या माणसाबद्दलही तिनं सांगितलं, एका चढावर, आपली बाई दम खात असताना. तो सगळं ऐकून म्हणाला, “कीव.” तो नवा शब्द होता. नणंदेनं स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं.

मग दुकानात सामानाची मोजदाद निघाली आणि तीन-चार दिवस तिला जाता आलं नाही. फोनवर नणंद म्हणाली, “ये सवडीनं, तो मजेत आहे.” ती गेली तेव्हा थंडी पडली होती. जिना चढताना तिला आतून संगीत ऐकू आलं, ओळखीचं नसलेलं. दार उघडंच होतं. तो सोफ्याच्या मधोमध बसला होता, कंट्रोलर मांडीवर उशी ठेवून त्यावर टेकवलेला, डाव्या हाताची बोटं कोळ्यासारखी पसरून एकट्यानंच दोन्ही बाजूंची बटणं चालवत. पडद्यावर बर्फ होतं. पांढरी दरी, निळे खडक, आणि आपली बाई लाल रंगाचं जाड पांघरूण घेऊन एका झुलत्या पुलावर उभी होती. खाणीचं गाव कुठेच नव्हतं. तो पूल तिनं कधी पाहिला नव्हता. ते पांघरूण कुणी दिलं, कुठे मिळालं, तिला माहीत नव्हतं.

“परवापासून असा बसलाय,” नणंद आतून म्हणाली. “पडतो, मरतो, पुन्हा उठतो. मला बघायला बोलावतो. मला मेलीला काय कळतंय त्यातलं!”

त्यानं वळून पाहिलं. चालत्या अर्ध्या चेहऱ्यावर असं हसू होतं की ते लपवावं की दाखवावं हे त्याचं त्यालाच ठरत नव्हतं. “पूल,” तो म्हणाला. “मी. पूल.”

तिचा कोट एका हातातून निघाला होता, दुसरी बाही अजून अंगात होती. बरगड्यांच्या खाली, अगदी मधे, काहीतरी टोचलं. आधी तिला वाटलं जिना भरभर चढल्यामुळे. पण ते थांबेना. ते गरम होत गेलं, वर आलं. “माझ्यासाठी थांबला नाहीत?” ती म्हणाली, आणि आपला आवाज कापतोय हे ऐकून तिला आश्चर्य वाटलं. त्याचं हसू ओसरलं. तो सोफ्यावर सरकला, कष्टानं, आधी खांदा, मग कंबर, आणि डावीकडची जागा मोकळी केली.

ती लगेच बसली नाही. कोटाची बाही धरून ती दारातच उभी राहिली. दुखत होतं. स्वच्छ, आपल्या जागी, तिचं तिचं दुखत होतं. आणि कुणी काही म्हणायच्या आत तिला ते थोडा वेळ तसंच दुखू द्यायचं होतं.